हरिश्चंद्रगड : तीन खोऱ्यांचा माथा

कोकणातून पूर्वेकडे पाहणाऱ्याला सह्याद्री एखाद्या अखंड भिंतीसारखा दिसतो. प्रत्यक्षात ही भिंत सरळ नाही. ती ठिकठिकाणी आत वळते, बाहेर येते, खिंडींनी तुटते आणि काही जागी एकाएकी उंच होते. महाराष्ट्रातील अशा उंच जागांमध्ये कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर उंचीमुळे पहिले गणले जाते. त्याच्या दक्षिणेस असलेला हरिश्चंद्रगड उंचीने त्याहून कमी आहे. त्याचे सर्वांत उंच शिखर तारामती हे सुमारे १,४३० मीटर उंच भरते. तथापि भूगोलाच्या दृष्टीने हरिश्चंद्रगडाचे महत्त्व त्याच्या उंचीपेक्षा त्याच्या स्थानात आहे.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर), पुणे आणि ठाणे या तीन जिल्ह्यांच्या सीमा या पर्वताच्या परिसरात एकत्र येतात. जिल्ह्यांच्या सीमा माणसाने आखल्या. पण त्या येथे येऊन मिळाव्यात याला निसर्गाने घालून दिलेले कारण आहे. सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून पूर्वेकडे जाणारा हरिश्चंद्र-बालाघाट डोंगरांचा फाटा येथूनच सुरू होतो. हा फाटा उत्तरेकडील गोदावरीचे खोरे आणि दक्षिणेकडील भीमेचे खोरे एकमेकांपासून वेगळे करतो. मुख्य रांगेच्या पश्चिमेस पडलेले पाणी कोकणात उतरते. त्यामुळे या एकाच पर्वतावर पडणारा पाऊस तीन वाटांनी निघून जातो. पश्चिमेकडचे पाणी काळू नदीच्या वाटेने उल्हास नदीत व तेथून थोड्याच काळात अरबी समुद्रात पोहोचते. उत्तर आणि पूर्व उतारांचे पाणी मुळा नदीतून प्रवरेला व पुढे गोदावरीला मिळते. दक्षिण उताराचे पाणी कुकडी, घोड आणि भीमा या क्रमाने कृष्णेकडे जाते. यांपैकी शेवटच्या दोन वाटांचे पाणी संपूर्ण द्वीपकल्प ओलांडून बंगालच्या उपसागरापर्यंतचा प्रवास करते. माथ्यावर काही पावलांच्या अंतराने पडलेल्या दोन थेंबांच्या वाट्याला दोन वेगळे समुद्र यावेत, अशी ही जागा आहे.

या पर्वताचे कडे, लेणी, टाकी, त्याच्या पायथ्याची शेती आणि तेथील माणसांची गाऱ्हाणी ही सर्व एका सूत्रात बांधता येतात. ते सूत्र म्हणजे खडक आणि पाणी यांचा संबंध.

खडकाची घडण

हरिश्चंद्रगड ज्या खडकाचा बनला आहे त्याला बेसाल्ट असे म्हणतात. मराठीत त्याला काळा पाषाण किंवा काळा कातळ हीच नावे रूढ आहेत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूकवचाला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून तप्त लाव्हा बाहेर आला आणि विस्तीर्ण प्रदेशावर पसरला. शंकूच्या आकाराच्या ज्वालामुखीतून होणाऱ्या उद्रेकापेक्षा ही क्रिया वेगळी होती. पातळ लाव्हा पाण्याच्या पुरासारखा सपाट पसरत गेला, थंड झाला, आणि काही काळाने त्याच्यावर दुसरा थर येऊन बसला. असे अनेक थर एकावर एक साचून दख्खनचे पठार तयार झाले. आज या खडकाने व्यापलेले क्षेत्र सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे.

सर्व थर सारखे नसतात. थराचा मधला भाग सावकाश थंड होतो. तो घट्ट व कठीण असतो आणि आकुंचन पावताना त्याला उभ्या भेगा पडतात. थराच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून राहतात, त्यामुळे तो सच्छिद्र होतो. या छिद्रांमध्ये पुढे खनिजे साचतात. पांढऱ्या झिओलाइटचे स्फटिक आणि निरनिराळ्या रंगांच्या गारा सह्याद्रीत सापडतात त्या याच पोकळ्यांमध्ये. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात एखाद्या थराचा पृष्ठभाग हवापाण्याने कुजून लाल मातीसारखा होतो. घाटातून जाणारा रस्ता जेथे डोंगर कापून नेलेला असतो तेथे काळ्या कातळात मधूनच दिसणारा तांबडा पट्टा हा अशाच एका विश्रांतीकाळाचा पुरावा होय.

कठीण व मऊ थरांच्या या आलटून-पालटून रचनेमुळे सह्याद्रीला पायऱ्यांचे रूप आले आहे. कठीण थर उभ्या भेगांच्या रेषेने तुटतो आणि कडा तयार होतो. मऊ थर झिजून तेथे उतार किंवा सपाटी तयार होते. दख्खनच्या या खडकाला ‘ट्रॅप’ हे नाव मिळाले तेही पायरी या अर्थाच्या एका स्वीडिश शब्दावरून. विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात भूवैज्ञानिकांनी या थरांचे रासायनिक घटकांच्या आधारे वर्गीकरण केले. त्यात तळाच्या थरसमूहाला कळसूबाईचे नाव देण्यात आले आणि त्याचे जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी व भीमाशंकर असे पाच भाग पाडण्यात आले. सह्याद्रीतील गावांची आणि शिखरांची नावे अशा प्रकारे पृथ्वीच्या इतिहासाच्या परिभाषेत जाऊन बसली आहेत.

कोकणकडा

या पर्वताची पश्चिम बाजू कोकणकडा या नावाने प्रसिद्ध आहे. सह्याद्रीतील बहुतेक कडे सरळ किंवा थोडे पुढे झुकलेले असतात. कोकणकडा मात्र मोठ्या कमानीसारखा आत वळलेला आहे, आणि त्याचा माथा तळापेक्षा पुढे आलेला आहे. नागाच्या फण्याशी त्याची तुलना केली जाते ती यामुळेच. माथ्याच्या कडेपासून कोकणातील बेलपाडा या वस्तीपर्यंतची उंची जवळजवळ एक हजार मीटर भरते. खाली पाहण्यासाठी येथे पालथे झोपून डोके पुढे काढावे लागते. उभे राहून पाहण्याचे धाडस स्थानिक गुराखीही करीत नाहीत.

हा कडा कसा निर्माण झाला, या प्रश्नाचा संबंध संपूर्ण सह्याद्रीच्या उत्पत्तीशी आहे. लाव्हाचे थर साचत असतानाच्या काळात भारतीय भूखंडाचा पश्चिमेकडील काही भाग तुटून वेगळा झाला. आजची सेशेल्स बेटे त्याच भागाची शेष आहेत. या विभाजनामुळे पठाराला पश्चिमेकडे एक उघडी कड प्राप्त झाली. ही मूळ कड आजच्या सह्याद्रीच्या बरीच पश्चिमेस असावी, असे भूवैज्ञानिक मानतात. कोट्यवधी वर्षे पाऊस आणि ओढे यांनी ती कुरतडली, आणि कड हळूहळू पूर्वेकडे सरकत आजच्या जागी आली. म्हणजे कोकणची पट्टी ही सह्याद्रीने मागे सरताना मोकळी करून दिलेली भूमी आहे. ही क्रिया आजही चालू आहे. प्रत्येक पावसाळ्यात कड्यांवरून दरडी कोसळतात. त्या माणसाच्या दृष्टीने आपत्ती असतात. पण पर्वताच्या दृष्टीने तो त्याचा नित्यक्रम आहे.

कोकणकड्याच्या अंतर्वक्र आकाराचा एक परिणाम पावसाळ्यात प्रत्यक्ष पाहावयास मिळतो. समुद्राकडून येणारा वारा कड्याच्या पोटात शिरतो. त्याला पुढे जाण्यास वाट नसल्यामुळे तो मोठ्या वेगाने वर चढतो. कड्यावरून खाली पडू पाहणाऱ्या पाण्याच्या धारा हा वारा उचलतो आणि माथ्यावर परत फेकतो. वाळलेली पाने, गवताच्या काड्या यांसारख्या हलक्या वस्तू दरीत टाकल्या असता त्या पुन्हा वर येतात. लोकांना हा चमत्कार वाटतो. त्याचे कारण कड्याच्या आकारात आणि वाऱ्याच्या वेगात आहे.

ढग, पाऊस आणि इंद्रवज्र

नैर्ऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन येतात. सह्याद्रीला धडकल्यावर त्यांना वर चढावे लागते. वर चढताना हवा प्रसरण पावते आणि थंड होते. थंड हवेत बाष्प सामावून राहू शकत नाही, म्हणून त्याचे ढग होऊन पाऊस पडतो. त्यामुळे घाटमाथ्यावर वर्षाला तीन ते पाच हजार मिलिमीटर इतका पाऊस होतो. पर्वत ओलांडून हवा पूर्वेकडे उतरू लागली की ती पुन्हा तापते, तिच्यातील ढग विरतात आणि पाऊस झपाट्याने कमी होतो. पूर्वेस असलेल्या संगमनेर परिसरात वर्षाचा पाऊस सुमारे पाचशे मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी असतो. एका दिवसाच्या पायी प्रवासाच्या अंतरात भाताचा प्रदेश संपतो आणि बाजरीचा प्रदेश सुरू होतो.

पावसाळ्याच्या आरंभी आणि शेवटी, दरीत ढग दाटलेले असताना व माथ्यावर ऊन असताना, कोकणकड्यावरून एक दुर्मिळ दृश्य दिसते. सकाळी सूर्य पाहणाऱ्याच्या पाठीशी, म्हणजे पूर्वेस असतो. त्याची सावली समोरच्या ढगावर पडते. त्या सावलीच्या डोक्याभोवती रंगांचे पूर्ण वर्तुळ उमटते. याला मराठीत इंद्रवज्र हे नाव रूढ झाले आहे. नेहमीचे इंद्रधनुष्य पावसाच्या मोठ्या थेंबांत प्रकाशाचे वक्रीभवन व परावर्तन होऊन तयार होते आणि ते आकाशाचा बराच मोठा भाग व्यापते. इंद्रवज्र हे ढगातील अतिसूक्ष्म जलकणांमुळे तयार होते. हे कण प्रकाश जवळजवळ ज्या दिशेने आला त्याच दिशेने परत पाठवितात, आणि परतणाऱ्या प्रकाशलहरींच्या परस्परक्रियेतून रंगांची कडी निर्माण होतात. त्यामुळे वर्तुळ लहान असते आणि त्याचा तांबडा रंग बाहेरच्या बाजूस असतो. शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन व्यक्तींपैकी प्रत्येकीला वर्तुळ स्वतःच्याच डोक्याभोवती दिसते.

ब्रिटिश सेनाधिकारी व अभ्यासक कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या हवामानाविषयीचा आपला निबंध १८३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. या परिसरात दिसलेल्या वर्तुळाकार इंद्रधनुष्याचे वर्णन त्यांनी केले आहे. साइक्स यांचे नाव पुढे या दृश्याशी कायमचे जोडले गेले.

हेच दृश्य दुसऱ्या एका खडकाळ पर्वतावर विज्ञानाच्या इतिहासाला वळण देणारे ठरले. स्कॉटलंडच्या पश्चिम भागात, जेथे गेलिक ही केल्टिक कुळातील भाषा बोलली जात आली आहे, तेथे बेन नेव्हिस हा १,३४५ मीटर उंचीचा पर्वत आहे. तोही प्राचीन ज्वालामुखीचाच अवशेष आहे. मात्र त्याचे वय चाळीस कोटी वर्षांहून अधिक असल्यामुळे सह्याद्री त्याच्यापुढे बालक ठरतो. या पर्वताच्या माथ्यावर १८८३ ते १९०४ या काळात एक वेधशाळा चालविली जात होती. १८९४ सालच्या सप्टेंबर महिन्यात सी. टी. आर. विल्सन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाने तेथे काही आठवडे काम केले. ढगांवर उमटणारी रंगीत वर्तुळे पाहून तो मोहित झाला आणि तशी दृश्ये प्रयोगशाळेत निर्माण करण्याच्या खटपटीस लागला. त्या प्रयत्नांतून मेघकोष्ठ या उपकरणाचा शोध लागला. विद्युतभारित सूक्ष्मकणांचा मार्ग डोळ्यांना दिसू शकेल अशी सोय या उपकरणाने झाली, आणि १९२७ साली विल्सनला भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दोन्ही पर्वतांवर ढग, ऊन आणि कडा यांची गाठ एकाच नियमाने पडते.

दोहोंमध्ये एक महत्त्वाचा भेदही आहे. बेन नेव्हिसवर पडणारे वर्षाचे पाणी हरिश्चंद्रगडाच्या परिसरातील पाण्याशी तुलना करण्याजोगे आहे. पण तेथे ते बारा महिने पडत राहते आणि हिवाळ्यात बर्फाच्या रूपाने साठते. सह्याद्रीला आपले जवळजवळ सर्व पाणी चार महिन्यांत मिळते. उरलेल्या आठ महिन्यांसाठी ते कोठे राहणार, हा या पर्वताचा मुख्य प्रश्न आहे.

खडकात साठविलेले पाणी

या प्रश्नाचे सर्वांत जुने उत्तर गडावरच खोदलेले आहे. घट्ट बेसाल्टमध्ये पाणी मुरत नाही. ते सच्छिद्र थरांत, भेगांमध्ये आणि दोन थरांच्या सांध्यात थोडे थोडे साचते व तेथून पाझरत राहते. प्राचीन काळच्या पाथरवटांना हे ज्ञान अनुभवाने मिळाले होते. जेथे पाझर आहे तेथे त्यांनी टाकी खोदली, आणि खोदण्यास सोयीचा खडक जेथे मिळाला तेथे लेणी कोरली.

माथ्यावरील सपाटीवर हरिश्चंद्रेश्वराचे मंदिर आहे. त्याच्या भोवतालचा बराचसा भाग मूळ खडक कोरून तयार केलेला आहे. मंदिराजवळ सप्ततीर्थ या नावाची पुष्करणी आहे. तिच्या एका बाजूस मूर्ती ठेवण्यासाठी कोनाड्यांची रांग केलेली आहे. येथून जवळच केदारेश्वराचे लेणे आहे. प्रशस्त खोदीव दालनाच्या मध्यभागी मोठे शिवलिंग असून त्याच्या भोवती कमरेइतके थंडगार पाणी असते. लिंगाच्या चार कोपऱ्यांना चार खांब होते. त्यांपैकी तीन भंगले असून एकच उभा आहे. हे खांब चार युगांचे प्रतीक असून शेवटचा खांब पडेल तेव्हा कलियुगाचा अंत होईल, अशी लोकसमजूत आहे.

मंदिराजवळून वाहणाऱ्या ओढ्याला मंगळगंगा असे म्हणतात. तो पाचनई गावाकडे उतरतो आणि पुढे मुळेला मिळतो. नदीच्या उगमाशी देवस्थान असावे, ही भारतीय परंपरा येथेही दिसते. चांगदेव या योग्याचे नाव येथील कोरीव लेखांत आढळते. त्यांच्या ‘तत्त्वसार’ या ग्रंथाची रचना याच पर्वतावर झाली असे मानले जाते. ज्या ठिकाणी बाराही महिने पिण्याचे पाणी मिळू शकते तेथेच एकांतात दीर्घकाळ साधना करणे शक्य होते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

किल्ला म्हणूनही या पर्वताचा उपयोग झाला. येथे मोठी तटबंदी दिसत नाही, कारण तिची गरजच नव्हती; निसर्गाने तिन्ही बाजूंना कडे उभे केले होते. मोगलांकडून हा गड १७४७-४८ च्या सुमारास मराठ्यांकडे आला, आणि १८१८ साली पेशवाईच्या अस्तानंतर तो ब्रिटिशांच्या ताब्यात गेला. गडावर शिबंदी किती ठेवता येईल, हे टाक्यांतील पाणी उन्हाळ्यात किती दिवस पुरते यावर अवलंबून असे. सह्याद्रीतील प्रत्येक गडाला हा नियम लागू होता.

डोंगराची माणसे

पाचनई, खिरेश्वर आणि आसपासच्या वाड्यांमध्ये प्रामुख्याने महादेव कोळी या आदिवासी जमातीची वस्ती आहे. खाचरांत भात, उतारांवर नागली व वरई ही येथील मुख्य पिके. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजण्याच्या पद्धतीला राब असे म्हणतात. झाडांच्या फांद्या, पालापाचोळा व शेण यांचा थर देऊन तो पावसाळ्यापूर्वी जाळला जातो. त्यामुळे तणाचे बी मरते आणि राखेचे खत मिळते. रानातून हिरडा गोळा करून विकणे हे उत्पन्नाचे दुसरे साधन आहे. कारवीच्या काठ्यांच्या कुडाला शेणमाती लिंपून घराच्या भिंती केल्या जात. ही कारवी सात वर्षांतून एकदा फुलते आणि त्या वर्षी पर्वताचे उतार जांभळे होतात.

डोंगराळ मुलखाने या जमातीला काटकपणा दिला, तसेच स्वातंत्र्याची सवयही दिली. ब्रिटिश अमलात जंगलावरील व जमिनीवरील हक्क आकसू लागले आणि सावकारांचा पाश आवळत गेला. त्या वेळी देवगावचे राघोजी भांगरे यांनी उठाव केला. या मुलखातील वाटा आणि खिंडी ठाऊक असलेल्या या बंडखोरांना पकडणे सरकारला दीर्घकाळ जमले नाही. अखेर राघोजी पकडले गेले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली.

अलीकडच्या काळात या परिसराचे नाव वेगळ्या कारणाने देशभर पोहोचले. अकोले तालुक्यातील कोंभाळणे या गावच्या राहीबाई पोपेरे यांनी भात, वाल व भाजीपाल्याचे स्थानिक वाण जतन करून त्यांची बियाणी इतर शेतकऱ्यांपर्यंत पोहोचविली. या कार्यासाठी २०२० साली त्यांना पद्मश्री हा सन्मान जाहीर झाला. कमी खोल माती, मुसळधार पाऊस आणि त्यानंतर येणारी कोरडी हवा यांना तोंड देणारे वाण अनेक पिढ्यांच्या निवडीतून तयार होतात. ते एकदा नाहीसे झाले तर बाजारातून विकत आणता येत नाहीत.

वाहून जाणारे पाणी

घाटमाथ्यावर इतका पाऊस पडत असता त्याच्या पायथ्याच्या वाड्यांमध्ये एप्रिल-मे महिन्यांत पिण्याच्या पाण्यासाठी दूरवर जावे लागते. हा भार मुख्यतः स्त्रियांवर पडतो. प्रथम ऐकणाऱ्याला ही गोष्ट असंभाव्य वाटते. पण वर वर्णिलेली खडकाची घडण लक्षात घेतली म्हणजे तिचा उलगडा होतो. उतार तीव्र आहेत, मातीचा थर पातळ आहे आणि खाली घट्ट कातळ आहे. पाणी धरून ठेवणारे काम केवळ जंगलाची माती आणि सच्छिद्र थर करतात. जेथे जंगल तुटले तेथे माती वाहून गेली, आणि मातीबरोबर झऱ्यांचे आयुष्यही कमी झाले.

येथून निघालेले पाणी खालच्या प्रदेशात मात्र साठविले जाते. दक्षिणेस खिरेश्वराच्या जवळच पिंपळगाव जोगे धरणाचा जलाशय पसरला आहे. पूर्वेकडे मुळा नदीवर राहुरीजवळ बारागाव नांदूर येथे बांधलेल्या धरणाची साठवणक्षमता २६ अब्ज घनफूट आहे. शेजारच्या प्रवरा नदीवर भंडारदरा येथे १९१० ते १९२६ या काळात मोठे दगडी धरण बांधण्यात आले. या धरणांमुळे दुष्काळी पट्ट्यात ऊस उभा राहिला, साखर कारखाने निघाले आणि नगर जिल्ह्याचे रूप पालटले. त्या समृद्धीचे पाणी ज्या डोंगरांवरून आले, तेथील शेतकरी मात्र बहुतांशी एका पावसाळी पिकावरच अवलंबून राहिला.

पाण्याचा हा वाद डोंगर आणि मैदान यांच्यापुरता थांबत नाही. मुळा व प्रवरा यांचे पाणी पुढे पैठण येथील जायकवाडी धरणात जाते, आणि त्यावर मराठवाड्यातील शहरे, उद्योग व शेती अवलंबून आहेत. वरच्या धरणांनी पाणी अडविल्यास जायकवाडी भरत नाही, आणि ते सोडल्यास वरच्या लाभक्षेत्रातील पिके अडचणीत येतात. एकाच खोऱ्यातील तूट सर्वांनी सारखी सोसावी, हे तत्त्व महाराष्ट्राच्या २००५ सालच्या जलसंपत्ती नियमन कायद्याने मान्य केले. ते अमलात कसे आणावे याचा आदेश नियमन प्राधिकरणाने २०१४ साली दिला, आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. २०२३ साली पाऊस कमी पडला असता नाशिक व नगर जिल्ह्यांतील धरणांतून सुमारे साडेआठ अब्ज घनफूट पाणी जायकवाडीत सोडण्याचा आदेश निघाला, तेव्हा हा वाद पुन्हा उग्र झाला. समन्यायी वाटपाची ही सर्व चर्चा दोन धरणांमधील पाण्याची होते. धरणांच्या वर, जेथे पाऊस पडतो तेथील वाड्यांचा हिस्सा किती, हा प्रश्न तिच्यात क्वचितच येतो.

संरक्षण आणि उपयोग

हरिश्चंद्रगड व कळसूबाई यांच्या परिसरातील ३६१.७१ चौरस किलोमीटर क्षेत्र १९८६ साली अभयारण्य म्हणून घोषित करण्यात आले. शेकरू ही मोठी खार आणि बिबट्या यांना तेथे आश्रय मिळाला आहे. जंगलाचे संरक्षण हे झऱ्यांचेही संरक्षण आहे; परंतु अभयारण्याच्या हद्दीत राहणाऱ्या लोकांच्या चराईच्या, सरपणाच्या आणि रानमेवा गोळा करण्याच्या गरजा त्यामुळे नाहीशा होत नाहीत. जुन्या देवरायांमध्ये हा मेळ परंपरेने घातला गेला होता. देवाच्या नावाने राखलेल्या त्या रानात कुऱ्हाड चालत नसे, आणि बहुधा तेथेच गावाचा टिकाऊ झरा असे.

गिर्यारोहण व सहली यांमुळे गडावर येणाऱ्यांची संख्या गेल्या काही दशकांत फार वाढली आहे. पाचनई आणि खिरेश्वर येथील अनेक कुटुंबांना जेवण, निवास आणि वाटाड्याचे काम यांतून उत्पन्न मिळू लागले आहे. त्याचबरोबर लेण्यांमध्ये मुक्काम करणे, टाक्यांत कपडे धुणे आणि प्लॅस्टिकचा कचरा टाकून जाणे यांमुळे शेकडो वर्षे पिण्यायोग्य राहिलेले पाणी दूषित होऊ लागले आहे. टाक्याची क्षमता ठरलेली असते. त्यात एकदा गेलेली घाण वाहून जाण्यास वाट नसते, कारण ते पाणी वाहून जाऊ नये याच हेतूने तो खडक कोरलेला असतो.

डोंगराचे पाणी डोंगरावर काही काळ थांबविण्याचे उपाय फार खर्चाचे नाहीत. ओढ्यांवर पोत्यांत माती भरून घातलेले वनराई बंधारे, उतारांवरील समपातळी चर, झऱ्यांच्या वरच्या बाजूचे जंगल राखणे आणि जुनी टाकी साफ करणे, हे त्यांपैकी काही होत. मोठ्या धरणाइतके पाणी त्यांनी साठणार नाही. पण वाडीतील विहीर मार्चऐवजी मे महिन्यापर्यंत टिकली, तर पाण्यासाठी होणारी दोन महिन्यांची पायपीट वाचते. तीन खोऱ्यांना पाणी पुरविणाऱ्या या पर्वतावर राहणाऱ्यांची मागणी एवढीच आहे. ती पुरी करण्यास लागणारे ज्ञान सप्ततीर्थ खोदणाऱ्या पाथरवटांजवळ होते, आणि आजच्या भूविज्ञानाने ते अधिक नेमके केले आहे.